वाघाला दिलेले डोळे

नथ्थूभाऊ कधी जिना चढत नसत. ऑटो खाली उभा करायचा, भोंगा वाजवायचा, पोरगी फाटकातून आत गेली की पुढे निघायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या दुपारी मात्र ते धापा टाकत वर आले, ओजूचा दंड मुठीत धरून, आणि गुणवंतने दार उघडल्यावरही त्यांनी तो दंड सोडला नाही. "घ्या साहेब, सांभाळा आपली पोरगी," ते म्हणाले. "माह्या तं आज जीवच गेला होता. मागच्या गेटवर दुसरी पोरं उतरवून राह्यलो होतो, वळून पाह्यतो तं हे गायब. भिंतीले भगदाड नाई का तिकडं? त्याच्यातून निंगाली झाडीत. दप्तर पाठीवर, चालली आपली जत्रेले चालल्यावानी. परवाच थो पट्टेवाला तिथी दिसला ना जी, वासरू नेलं त्यानं!" गुणवंतच्या हातात ब्रश होता आणि ब्रशाला निळा रंग. तो फरशीवर गळतो आहे हे त्याला दिसत होतं, तरी ब्रश कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. "कुठे चालली होतीस गं?" त्याने विचारलं. ओजू सात वर्षांची. तिने बापाकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं! "हळद्याकडे," ती म्हणाली. "आजीला आणायला." नथ्थूभाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. हळद्या कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आजीचं काय झालं ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. त्यांनी दंड सोडला आणि ते जिना उतरून गेले.

ओजूने चपला काढल्या, हातपाय धुतले, भात मागितला. गुणवंतने वाढला. ती जेवत होती आणि तो समोर बसून तिच्या फ्रॉकला चिकटलेली कुसळं एकेक काढत होता. कुसळं कॉलनीत कुठेच नव्हती. ती भिंतीपलीकडचीच, रायमुनियाच्या झुडपांखालच्या गवताची. म्हणजे पोरगी बरीच आत गेली होती. हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरलं आणि मग हातच चालेना.

हळद्या म्हणजे वाघ. पंखवाला, हळदीच्या रंगाचा, गोधडीवर झोपणारा आणि वरणभात खाणारा वाघ. गुणवंतने त्याला काढलं ते लग्नाच्याही आधी, नागपूरहून चित्रकला शिकून आल्यावर. गाव चामोर्शीकडचं, घरी धानाची शेती. सगळ्यांना वाटलेलं, पोरगा शाळेत ड्रॉइंग मास्तर होईल, पेन्शन लागेल. हा पठ्ठ्या पुण्याच्या एका प्रकाशनासाठी लहान पोरांच्या पुस्तकांत उडत्या मगरी काढत बसला. डोक्यावर तळं घेऊन हिंडणारं अस्वल काढलं, चंद्रावर धानाची रोवणी करणारी माकडं काढली. बाप मुखरूजी तेव्हा हयात होता. हळद्याचं पहिलं चित्र पाहून तो म्हणाला होता, "वाघाले पंख? म्हणजे आता झाडावर चढूनबी फायदा नाई!" आणि सपरीत, घरापुढच्या ओसरीत, बसलेली माणसं पोट धरधरून हसली होती. ते हसणं आठवलं की गुणवंतला अजून त्या सपरीतला तंबाखूचा वास येई. चंद्रपुरात घर केल्यावर वास बदलले. इथे खिडकी उघडी ठेवली की कोळशाची काळी भुकटी कोऱ्या कागदावर येऊन बसे. रंग वाळेपर्यंत तो चित्राला मच्छरदाणी लावायचा. त्याची बायको रीता हसायची. म्हणायची, लोकं पोरांना मच्छरदाणीत निजवतात, तुम्ही वाघांना निजवता.

त्याची काम करायची एक रीत होती. जनावराचं अंग मनातून काढता येतं, डोळे मनातून येत नाहीत, असा त्याचा अनुभव. म्हणून तो डोळे सगळ्यात शेवटी काढायचा आणि ते कुणातरी खऱ्या माणसाचे काढायचा, त्या माणसाला समोर बसवून. अस्वलाला नागपूरच्या खानावळवाल्याचे डोळे होते. मगरीला गणिताच्या बाईंचे. बाईंना ते कधी कळलं नाही म्हणून बरं. आणि हळद्याला आईचे. कमळाबाई सपरीत सुपातले खडे वेचत होती, हा समोर पाट टाकून बसला. "माहे डोरे वाघाले देऊन राह्यलास?" ती म्हणाली, "मंग मी कायनं पाहू?" आणि थोड्या वेळाने, सूप पाखडता पाखडता, "दे बापा दे. तेवढाच थो माणसावानी पाहीन." डाव्या पापणीची घडी जरा खाली आलेली, बुबुळं मोठी, आणि नजर अशी की समोरच्याने काय चूक केली ते विचारायच्या आधीच माफ करून मोकळी. ते डोळे वाघाला बसले आणि पुस्तक उभं राहिलं. लोक म्हणाले, काय वाघ आहे, मिठी मारावीशी वाटते! पोरं पुस्तकातल्या वाघाच्या गालावर ओठ टेकवायची. गुणवंत त्यावर किती फुगला होता, ते आता आठवून त्याला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटे.

गंमत अशी, की तीच कमळाबाई रानात गेल्यावर वाघाचं नाव तोंडातून काढत नसे. त्या सगळ्याच बायका नाव घेत नसत. 'मोठा' म्हणायच्या, तेही हळू. पण घरी कुणी आलं की फडताळातून पुस्तक काढून समोर धरायची, "पाहा, हा माहा वाघ." रानातला मोठा वेगळा आणि घरातला हळद्या वेगळा, असा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असेल, असं गुणवंतला वाटत आलं होतं. असायलाच पाहिजे. आयुष्य रानाच्या कडेला गेलं बाईचं.

मागच्या उन्हाळ्यात ती मोहफुलं वेचायला गेली. घरी काही कमी होतं म्हणून नव्हे. मोह पडू लागला की त्या गावातल्या बाईला अंथरुणात दम निघत नाही. सोबत सुकरी होती, पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली, आईची बरोबरीची मैत्रीण. गुणवंतला फोन आला तेव्हा तो रंग कालवत होता. तो गावी पोचला तोवर जंगलखात्याचे गार्ड आले होते, माणसांनी डबे बडवून झाले होते, एका मोहाखाली चादर अंथरलेली होती. चादरीखाली जे होतं ते अख्ख्या माणसाएवढं दिसत नव्हतं. ओळख पटवा म्हणाले. त्याने एका बाजूने चादर थोडी उचलली, पाहिलं, "हो, आईच," म्हणाला आणि चादर टाकली. चेहऱ्याकडची बाजू त्याने उचललीच नाही. रीताला सांगितलं, चेहरा शांत होता. सगळ्यांना तेच सांगितलं. मग सुकरी भेटली. ती रडत नव्हती, नुसती मातीत बोटं घालत बसली होती. "मी ओरडून राह्यली जी, पळ बाई, पळ! माह्या हातची टोपली मी फेकली, झाडावर चढली. ते पळालीच नाई. उभी राह्यली आपली. पाहून राह्यली त्याच्याकडे. हासल्यावानी करून." सुकरीने हे त्याला दोष द्यायला सांगितलं नव्हतं. तिला पुस्तकाचं काही माहीतही नव्हतं. पण त्या एका वाक्याने त्याला खाल्लं. भीतीने पाय गळाले असतील, तो स्वतःला सांगे. माणूस गोठतं, तोंड वाकडं होतं, ते लांबून हसल्यासारखं दिसतं. आणि लगेच दुसरा आवाज येई, नाही गुणवंता. तिने झुडपातून बाहेर आलेले दोन डोळे पाहिले आणि आपलेच असतील म्हणून ओळख शोधत उभी राहिली. तू तिला तशी सवय लावलीस.

एवढं झालं होतं तेवढं पुरे नव्हतं का? पण हात दाखवून अवलक्षण करणं ज्याच्या नशिबी, तो थांबतो कुठे! गावाहून परतला तेव्हा ओजूने दारातच विचारलं, आजी कुठे आहे? रीता आतल्या खोलीत रडत होती. त्याला एकच गोष्ट येत होती. पाल दिसली की ओजू किंचाळायची, तेव्हा त्याने पालीला टोपी घालून दिली होती, कागदावर. पालीची भीती गेली. विजा कडाडल्या तर त्याने ढगांत ढोल बडवणारी म्हातारी काढली होती. भ्यायचं नाही, काढायचं, हा त्या घराचा नियमच. बाबाने काढलं म्हणजे ते तसंच असतं, हे पोरीने बोलायच्या आधी शिकून घेतलेलं. तो टेबलाशी बसला आणि त्याने आजी काढली. हळद्याच्या पाठीवर बसलेली, पदर खोचलेला, मांडीवर मोहाची टोपली, खाली लहान लहान दिसणारं गाव. हळद्या मान वळवून तिच्याकडे पाहत होता आणि दोघांचे डोळे एकच होते. चित्र काढताना त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात, मेला हात, जन्मात कधी इतका सरळ चालला नव्हता. "आजी हळद्याबरोबर गेली," तो म्हणाला. ओजूने चित्र पाहिलं. "परत कधी येणार?" "तिला तिथे करमतंय." "मग आपण जाऊ." तो हसला होता. हसला! आणि "जाऊ ना," म्हणाला होता.

ते चित्र त्याने फोनवर पुण्याला पाठवलं. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. कुणीतरी चांगलं म्हणावं एवढंच मनात असेल. संपादकबाई फोनवर रडल्या. म्हणाल्या, हे पुस्तकच करू या. पुस्तक झालं, शाळाशाळांत गेलं. चिमूरला एका शाळेने त्याला बोलावलं, पोरं गोल करून बसली, पुढच्या रांगेतल्या एका पोरीने विचारलं, "सर, हळद्या कुठी राह्यते?" आणि तो, टाळ्यांनी सैलावलेला, म्हणाला, "तुमच्याच जंगलात." सगळी पोरं खिडकीकडे वळली होती. खिडकीतून शाळेमागचं रान दिसत होतं.

संध्याकाळी रीता शाळेतून आली. ती मास्तरीण, आवाज न चढवता बोलायची तिची पद्धत, पण नथ्थूभाऊंनी तिला खालीच गाठलं होतं. पर्स खांद्यावरून न काढता ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं का नाही, की तिला खरं सांगा? तुम्ही म्हणालात, लहान आहे. आता ती लहान पोरगी वाघाच्या तोंडात चालली." तो फरशीवरचा निळा रंग पुसू लागला. "तुम्हीच पसरवलं, तुम्हीच आवरा," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला, "माझी एकुलती एक आहे हो ती." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.

त्याने सांगितलं. त्याच संध्याकाळी, मांडीवर घेऊन, सरळ शब्दांत. आजी गेली. आजीला वाघाने मारलं. ओजूने ऐकून घेतलं. "दुसऱ्या वाघानं?" तिने विचारलं, आणि गुणवंतला तिथे हो म्हणायचा मोह झाला, कारण तेवढं तरी वाचलं असतं, हळद्या वाचला असता. तो घुटमळला. मोठ्या माणसाचं घुटमळणं पोरांना बरोबर कळतं. "मग तुम्ही तसं काढलं काऊन नाही?" ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून." "काढलं ते खोटं आहे?" "हो." तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्याच्या गालावर हात ठेवून, त्याची समजूत घालावी तशी, ती म्हणाली, "तुम्ही आजीवर रुसले, ना? ती तुम्हाला सोडून गेली म्हणून." आणि उतरून खेळायला गेली. बोलणं हवेतलं, चित्र कागदावरचं. सात वर्षं त्याने तिला हेच शिकवलं होतं, आणि ती ते इतकं नीट शिकली होती की आता त्याच्याकडे तिला शिकवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

मग त्याने ते करून पाहिलं जे त्याला येत होतं. भिंतीचं भगदाड विटा रचून बुजवलं, बाल्कनीला जाळी लावली आणि तो वाघ काढायला बसला, खरा वाघ. पुण्याच्या बाईंचा फोन वाजत होता. त्यांना हळद्याचं पुढचं पुस्तक हवं होतं, आजी आणि हळद्या ढगांच्या गावात, असं. त्याने फोन पालथा घातला. फोटो समोर ठेवले, ताडोबाचे, गाडीतून काढलेले. ओलं नाक, मिशांच्या मुळाशी काळे ठिपके, जिभेवरचे काटे, दातांना लागलेला लाल. अंग झक्क जमे. डोळ्यांपाशी आला की हात वळे. डावी पापणी आपोआप खाली येई. रक्ताळलेल्या जबड्याच्या वर आई बघत असे, सूप मांडीवर घेतल्यासारखी, काऊन रे बापू, जेवला का? तो कागद फाडायचा. दुसरा घ्यायचा. रीताने एकदा दारातून पाहिलं आणि ती तशीच मागे गेली. जमिनीवर सगळीकडे आईच्या डोळ्यांचे तुकडे पडलेले होते. शेवटी त्याने फोटो उलटा धरून नुसत्या रेघा उतरवल्या, काय काढतो आहे ते मनाला न कळवता. आणि जमलं. ते डोळे कुणाचे नव्हते. ते समोरच्याला पाहत होते, पण समोर कुणी माणूस आहे असं त्यांना वाटत नव्हतं. गुणवंतच्या अंगावर काटा आला. वाटलं, हे आईला दाखवायला हवं होतं, आधीच, पहिल्याच पुस्तकात. त्याने ते ओजूसमोर ठेवलं. ती जरा मागे सरली, तेवढ्यानेही त्याला आशा वाटली. मग ती म्हणाली, "हा आपला नाही बाबा. हा दुसरा आहे." "सगळे असेच असतात ओजू." "नाही. आपला आजीसारखा पाहते." आणि मग, जरा विचार करून, "याचं नाव काय ठेवायचं?"

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं लोक हसत हसत म्हणतात. त्याने कपाळ भिंतीला टेकवलं आणि रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण ते आईच्या वेळीही आलं नव्हतं, चित्र काढतानाचं पाणी सोडलं तर. आई मेली त्या दिवसापासून त्याने तिच्यासाठी तोंड उघडून हंबरडा फोडलेला नव्हता. मनात कुठेतरी ती हळद्याच्या पाठीवर बसून चाललेलीच होती. म्हणजे बघा, चित्र पोरीला दिलं आणि लपला त्यात हा स्वतः.

रविवार होता. रीता भाजीबाजारात गेली होती. गोलबाजारातून यायला तिला वेळ लागायचा. ओजू पुढच्या खोलीत खेळत होती आणि गुणवंत आत अखेर तो फोन उचलून संपादकबाईंना सांगत होता, की नाही जमणार, हळद्या आता नाही, ते पुस्तकही पुन्हा छापू नका. बाई म्हणत होत्या, अहो पोरं वाट पाहताहेत. "त्यांनी वाट पाहू नये म्हणूनच," तो ओरडला, आणि ओरडल्यावर घरात जी शांतता झाली ती त्याला ऐकू आली. पुढचं दार सताड उघडं. तो अनवाणी पळाला. जिना, फाटक, मैदान. रचलेल्या विटा कुणीतरी बाजूला सारलेल्या, एका पोराला जाता येईल एवढ्याच. तो त्यातून घुसला, सदरा फाटला, पाठ सोलली. आत रायमुनिया डोक्याइतका माजलेला आणि त्याचा तो उग्र वास, आणि दूर कुठेतरी कोळशाच्या कन्व्हेअरची एकसारखी घरघर. त्याला हाक मारायची होती, पण तो नुसता झुडपं बाजूला सारत गेला. नाव घेऊ नये, रानात नाव घेऊ नये, एवढंच डोक्यात, आणि कुणाचं नाव घेऊ नये तेही कळेनासं झालेलं.

ती दिसली. झुडपांमधल्या मोकळ्या जागेत उभी होती, त्याच्याकडे पाठ करून जराशी तिरपी, म्हणजे गालाची कड दिसत होती. समोरच्या झुडपात काहीतरी होतं. पानं हलत होती, खालून, वाऱ्याने हलतात तशी नव्हे. आणि ओजू पळत नव्हती. उभी होती आपली. पाहत होती. हसल्यासारखं करून. त्या क्षणी गुणवंतने मोहाखालची ती सकाळ पाहिली, जी त्याने कधी पाहिली नव्हती. तो कसा धावला ते त्याला माहीत नाही. तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला, झुडपातलं जे काय होतं ते फांद्या मोडत पलीकडे गेलं. डुक्कर असेल. कुत्रं असेल. त्याने पाहिलं नाही, त्याने पोरगी उचलली होती. ती त्याच्या छातीवर हातपाय झाडत रडत होती. "तुम्ही आले म्हणून तो गेला! तो येतच होता!"

घरी आणून त्याने दार लावलं, कडी घातली, आणि तिला टेबलाशी बसवलं. रंग घेतले नाहीत. एक शिसपेन्सिल घेतली आणि काढू लागला, ज्या बाजूने चादर उचलली होती ती बाजू. ओजू हुंदके देत बघत होती, कारण बाबा काढतो आहे म्हटल्यावर ती बघणारच. आधी उकरलेली जमीन, मोहाची वाळकी पानं. मग चादरीची कड. मग तळवा. बोटं अर्धी मिटलेली, त्यांत दोन-चार मोहफुलं चेंगरलेली, नखांत माती. मनगटावर पितळी कडं, जरासुद्धा न वाकलेलं. त्याच्यावर गोंदण, आडवी वेल आणि वेलीखाली पाच टिंबं, त्यातलं एक लांबट झालेलं, गोंदताना आई हलली होती म्हणून. कोपरापर्यंत हात काढला आणि पेन्सिल थांबवली, कारण कोपराच्या पुढे नव्हतं. डोळे कुठेच काढले नाहीत. हात मात्र खोटं बोलला नाही. ज्या हाताने ते दुसरं चित्र काढलं होतं त्याच हाताने हेही तितकंच नीट काढलं.

ओजूने बोट पुढे केलं आणि लांबट टिंबावर ठेवलं. ते टिंब तिला ठाऊक होतं. आजीजवळ निजली की त्याच्यावरून बोट फिरवत ती झोपायची. "हा आजीचा हात आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही पाह्यला?"

"पाहिला."

ती बोट फिरवत कागदाच्या कडेपर्यंत गेली, कागद उलटून मागे पाहिलं. मागे कोरा होता. "आणि बाकीची आजी?"

गुणवंतने श्वास घेतला. त्याला अजूनही वाटत होतं, की रीता यावी, बेल वाजावी, काहीतरी व्हावं. काही झालं नाही. "वाघाने खाल्ली," तो म्हणाला.

"दुसऱ्या?"

त्या एका शब्दात ती त्याला वाट करून देत होती, लेकरू बिचारं. हो म्हण, बाबा. हो म्हण आणि आपल्या दोघांना सोडव. इतकी वर्षं पोरांनी ज्याच्या गालावर ओठ टेकवले तो तिथे उभा होता, पंख मिटून, आईच्या डोळ्यांनी गुणवंतकडे पाहत, आणि आधीच माफ करून टाकलेलं. "दुसरा कोणी नसतो ओजू," तो म्हणाला. "हळद्यानेच खाल्ली. त्याला पंख नाहीत. त्याला आजीचे डोळे नाहीत. ते मी लावले. तू गेलीस ना त्याच्याकडे, तर तो तुलाही खाईल, आणि मला असा तुझा हात काढावा लागेल."

मग तिचा चेहरा बदलला. ते त्याने पाहिलं, समोर बसून, एकदाही नजर न काढता पाहिलं. सात वर्षं जे त्याच्याकडे बघत होतं ते तिथून उठून गेलं. आणि तिने त्याला मारलं. मुठीने, तोंडावर. मग दोन्ही मुठींनी, छातीवर, गळ्यावर, हाताला येईल तिथे. "काऊन काढलं तुम्ही? काऊन तसं काढलं? तुम्ही काऊन काढलं?" कुठल्या चित्राबद्दल ती विचारत होती, पहिल्या की या, तिलाही ठाऊक नसावं. त्याने हात आडवा घातला नाही. ती दंडाला चावली, दात रुतले, चांगलं दुखलं. आणि तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, त्याच्या तोंडातून "आई" असा एक आवाज निघाला, इतका मोठा, की खालच्या मजल्यावरचं कुणीतरी बाहेर आलं. मग त्याला थांबवता येईना. तो आईच्या नावाने ओरडून रडत होता, मोहाखाली जे रडायचं राहून गेलं होतं ते सगळं. पोरगी किंचाळत मारत होती, आणि तिच्या मुठी गरम होत्या, जिवंत होत्या. त्याने डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.

"मार बाई," तो म्हणत होता, "मार मले. इथी घरात राहून मार."